आठ सोनेरी, एक काळा आणि पन्नास लिटर पाणी

अक्षय्य तृतीयेला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फिश टँक आला. बाराव्या दिवशी रात्री साडेनऊला त्या घरातल्या वहिनींनी आमची बेल वाजवली. हातात झाकणाचा डबा, डब्यात टँकमधलं पाणी. "ताई, तुमच्याकडे ते पाणी तपासायचं काहीतरी असतं ना? आज परत दोन गेले."

माझ्या घरी गेली १७ वर्षं मासे आहेत, त्यामुळे इमारतीत कुणाचा मासा उताणा झाला की बेल माझ्याकडेच वाजते. एरवी मी दोन गोष्टी सांगून मोकळी होते. हे प्रकरण मात्र पहिल्या रात्रीपासून वहीत लिहून ठेवलं. लहान टँकच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका इथे एकाच घरात, एकाच पंधरवड्यात झाल्या होत्या. आणि त्यात एक अट अशी होती की ती मोडणं माझ्या हातात नव्हतं.

आधी काय काय आणलं होतं ते. टँक २४ × १२ × १५ इंचांचा. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला ब्लॅक मूर. नातवाच्या हट्टाखातर दोन 'शार्क'. काच साफ ठेवायला म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला एक सकर. पाचव्या दिवशी काळा गेला, सहाव्या दिवशी नवा काळा आला, म्हणजे एकूण १३. त्या रात्री पाच शिल्लक होते: तीन गोल्डफिश, एक शार्क आणि सकर. सकरला काहीच झालं नव्हतं, त्याला सहसा होत नाही.

आठ सोनेरी आणि एक काळा हा आकडा आजोबांचा, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांचा. मुळात हा हिशोब चिनी फेंगशुईतला, पण आपल्याकडे तो वास्तूच्या नावाने घरोघरी रुळला आहे. सोनेरी आठ भरभराटीचे आणि काळा एक घरावरची पीडा अंगावर घेणारा. त्याला जोडून आणखी एक समजूत असते, आणि माझ्या मते माशांच्या जिवावर खरी तीच उठते: मासा मेला तर तो घरातलं संकट घेऊन गेला. पाचव्या दिवशी काळा गेला तेव्हा घरात कुणी पाणी तपासलं नाही. आजोबांच्या चुलतभावांनी फोनवर सांगितलं, "चांगलं झालं, टळलं काहीतरी. नवा आणून सोड." मरण्याचं कारण आधीच ठरलेलं असलं की दुसरं कारण शोधणार कोण?

मी चाचणीचे थेंब काढले. काचेच्या छोट्या नळीत डब्यातलं पाणी, त्यात दोन बाटल्यांतले मोजून थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य. वहिनींच्या डोळ्यांदेखत ते पोपटी झालं, मग कैरीच्या सालीसारखं गडद हिरवं. रंगांच्या कार्डाला लावून पाहिलं तर ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात चार भाग. नायट्राइट मात्र शून्य, आणि पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा पीएच ८.

या तीन आकड्यांत बारा दिवसांची सगळी गोष्ट होती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर वसतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून बाहेर काढतो. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाराव्या दिवशी अमोनिया एवढा आणि नायट्राइट शून्य, याचा अर्थ पहिल्या गटाचीही वस्ती सुरू झाली नव्हती. पीएचने त्यात भर घातली. पीएच ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनिया तेवढाच राहूनही त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

बारा दिवसांत थोडी तरी वस्ती व्हायला हवी होती. का झाली नाही, ते वहिनींनीच सांगितलं. मासा मेला की त्या दर वेळी टँक पूर्ण रिकामा करायच्या. रेती नळाखाली धुवायची, फिल्टरचा स्पंज चोळून पांढरा करायचा, नवं पाणी भरायचं आणि वर दुकानातलं निळं औषध टाकायचं. घर स्वच्छ ठेवणाऱ्या बाईला यात चूक दिसणारच नाही. पण जिवाणू जिथे बसणार तीच जागा चार वेळा धुतली गेली होती, आणि ते निळं औषध जिवाणूंनाही सोसत नाही.

खाण्याचं विचारलं तर आणखी गंमत. आजोबा सकाळी पूजा आटोपून दाणे टाकायचे. नातू शाळेतून आल्यावर टाकायचा. वहिनी रात्री ओटा आवरल्यावर. तिघांनाही वाटत होतं की आपणच तेवढे घालतो.

पाणी मोजलं तेव्हा

त्या रात्री निम्मं पाणी बदललं, खाणं चार दिवस बंद केलं आणि माझ्या जुन्या टँकमधला चालता स्पंज फिल्टर, न धुता, त्यांच्या टँकमध्ये लावला. मुरलेल्या विरजणासारखंच ते, जिवाणू तयारच मिळतात.

पाणी परत भरताना मी बादलीने मोजलं. दुकानदाराने टँक सत्तर लिटरचा म्हणून दिला होता आणि तो खोटं बोलत नव्हता. बाहेरच्या मापाने गुणाकार केला तर ७० च्या वरच येतं. पण काचेची जाडी, तळाला दीड इंच रेती, वरून दीड इंच मोकळी सोडलेली जागा आणि मधोमध तो किल्ला. निम्म्याला १६ लिटरची दीड बादली आणि वर एक तांबा, एवढंच पाणी लागलं. म्हणजे पूर्ण टँकचं पन्नास लिटर.

आता दुकानदाराचा हिशोब बघा. एक इंच माशाला चार लिटर पाणी, हा ठोकताळा बाजारात सगळीकडे चालतो. दोन इंचाचे नऊ मासे म्हणजे १८ इंच, गुणिले चार, ७२ लिटर. टँक सत्तरचा. चोख! कागदावर अगदी बसतंय.

चूक त्या इंचात आहे. दुकानात दोन इंचाचा दिसणारा फॅन्सी गोल्डफिश हे पिल्लू असतं. नीट वाढला तर तो १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि दहा-दहा वर्षं जगतो. तो रोहू-कटल्याच्याच कुळातला. त्याला खरं पोटही नसतं, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं आणि पाण्यात पडतं. शिवाय मासा लांबीला तिप्पट झाला की तो तिप्पट मासा होत नाही. रुंदीही तिप्पट, उंचीही तिप्पट, म्हणजे वजनाला २७ पट. इंच मोजून पाणी ठरवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला माणसं उंचीवर मोजून भात शिजवणं.

गोल्डफिश पाळणारे जाणते लोक ढोबळमानाने पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० धरतात. नऊ जणांचे झाले जवळजवळ चारशे लिटर. आजोबांच्या हॉलमध्ये तेवढा टँक ठेवायचा तर सोफा बाहेर काढावा लागला असता, आणि चारशे किलोच्या वर वजन जमिनीवर एका जागी.

नातवाचा शार्क हा शार्क नव्हेच. तो पंगस. मोठा झाला की मीटरभर लांब होतो, आणि हॉटेलात 'बासा' म्हणून जे बिनकाट्याचे तुकडे येतात ते आपल्याकडे बऱ्याचदा याच माशाचे. हे ऐकून नातू दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, मागच्या आठवड्यात मी तोच खाल्ला?" सकरही दक्षिण अमेरिकेतला, हातभर होणारा. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की त्याचा उत्साह संपतो, आणि त्याची घाण मात्र टँकमधल्या सगळ्यांहून जास्त.

"पण टँक लहान असला तर मासा तेवढाच राहतो म्हणतात ना?" आजोबांनी विचारलं. राहतो. घाण पाण्यात खुरटतो आणि वेळेआधी मरतो, म्हणून लहान दिसतो. हे मी जरा कडकपणे सांगितलं असेन, कारण ते उठून आत गेले.

मोडता न येणारी अट

दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. "ताई, बाकी तुम्ही म्हणाल तसं. पण आठ आणि एक राहू दे हो. सासूबाई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदा कशाचा तरी हट्ट धरलाय."

मला आधी वैताग आला. मग लक्षात आलं की आजोबांची अट रंगाची आणि आकड्याची आहे, जातीची नाही. आठ सोनेरी, एक काळा. गोल्डफिशच हवेत असं त्यांच्या शास्त्रात असेलही, पण त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं, आणि मी विचारायला गेले नाही. म्हणजे प्रश्न असा झाला: पूर्ण वाढ झाल्यावरही पन्नास लिटरमध्ये नऊ जण सुखाने राहतील, असे सोनेरी आणि काळे मासे कोणते?

इथे पाण्याने मदत केली. आमच्या इमारतीला बोअर आणि टँकर असं मिसळून पाणी येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्या आठवड्यात ५८० दाखवत होता, केसांना साबण धड लागत नाही असं जड पाणी. यामुळे यादीतली बरीच नावं आपोआप गळली. निऑन टेट्रा सगळ्यांना आवडतात, वहिनींनाही. पण ते ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. जड पाण्यात अजिबात जगत नाहीत असं नाही, पण नुकत्या सावरलेल्या टँकमध्ये त्यांना सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. "स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी घालू?" असं वहिनींनी विचारलं. आरओत क्षार जवळजवळ उरत नाहीत, ते वेगळे घालावे लागतात, आणि दर आठवड्याला बादलीभर आरओ काढायचं तर त्याहून जास्त पाणी मोरीत जातं. टँकरच्या दिवसांत हे कोण करणार?

एंजल दिसायला राजबिंडा, पण पंखांसकट उंचीला पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि लहान माशांना गिळतो. टायगर बार्ब सोनेरी असतो खरा, पण दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपला ड्वार्फ गुरामी मला स्वतःला फार आवडतो, मात्र एका टँकमध्ये दोन नर आले की मारामारी, आणि बाजारात येणाऱ्यांत एक विषाणू फिरतो ज्यावर औषध नाही. नातवाला फायटर हवा होता. खरं सांगायचं तर या टँकसाठी एकटा फायटर हे सगळ्यात सोपं, सगळ्यात निर्धास्त उत्तर होतं. आजोबा म्हणाले, "एकच? एवढ्या मोठ्या टँकमध्ये?" एवढ्या मोठ्या! पंधरा दिवसांपूर्वी त्यातच बारा होते.

उरला प्लॅटी. मेक्सिकोपासून बेलिझपर्यंतच्या जड, अल्कधर्मी पाण्यातला मासा. आमच्या नळाचं पाणी त्याला माहेरचं. नर साडेचार-पाच सेंटिमीटरवर थांबतो, स्वभाव गरीब, आणि बाजारात त्याची सोनेरी जात सहज मिळते. तिच्यातही शेपटीच्या मुळाशी एक मोठा आणि दोन लहान काळे ठिपके असलेला 'मिकी माउस' असतो, त्यावर नातू राजी झाला. काळ्यासाठी ब्लॅक मोली, एक नर. तोही जड पाण्यातला. तो प्लॅटीपेक्षा थोडा मोठा होतो, पण एकच असल्याने टँकला पेलणार होता. हे नऊ म्हणजे पन्नास लिटरला भरगच्चच, दहाव्याला जागा नाही, हे मी वहिनींना तेव्हाच सांगितलं.

सगळे नरच का? प्लॅटी आणि मोली अंडी घालत नाहीत, पिल्लं देतात, साधारण महिन्याला एकदा, एका वेळी वीस-तीस. त्यात मादी एकदा नराला भेटली की ते बीज महिनोन्‌महिने जपून ठेवते आणि नर नसतानाही वितच राहते. दुकानातली प्रत्येक वाढलेली मादी गाभण समजूनच चालावं. जोडीने मासे आणणाऱ्याचा पन्नास लिटरचा टँक दिवाळीपर्यंत चाळीस माशांचा होतो.

दुकानात हे समजावणं अवघड गेलं. आपल्याकडे मासे जोडीने विकतात. "ताई, जोडी मोडत नाही आम्ही, माद्या कोण घेणार मग?" शेवटी थोडे पैसे जास्त देऊन आठ नर सुटे द्यायला तो तयार झाला. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आम्ही काचेला नाक लावून उभे. पोटाखालचा, शेपटीकडचा पंख बघायचा: मादीचा पंख्यासारखा पसरट त्रिकोणी, नराचा काडीसारखा निमुळता. सात जण स्पष्ट होते. आठवा लहान होता, काही ठरत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "बारका आहे अजून, नरच होईल." मीही थकले होते. घेतला.

हळूहळू नऊ

मासे एकदम सोडले नाहीत. वाचलेल्या तिघा गोल्डफिशना आधी दोन आठवडे तिथेच ठेवलं, कारण जिवाणूंना खायला घालणारं कुणीतरी हवं होतं. सहाव्या दिवशी अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढलं, अकराव्या दिवशी दोन्ही शून्य. माझ्या जुन्या स्पंजशिवाय हे एवढ्या लवकर झालं नसतं. मग गोल्डफिश वहिनींच्या भावाच्या बंगल्यातल्या सिमेंटच्या हौदात गेले आणि त्याच संध्याकाळी आठांपैकी चार प्लॅटी आले. बाकीचे चार तोवर माझ्याकडे वेगळे ठेवलेले होते, ते दोन आठवड्यांनी.

शार्क आणि सकर यांचं काय करायचं यावर पुन्हा खटका उडाला. आजोबांचं म्हणणं, "मुठेत सोडू. तेवढंच पुण्य." या एका गोष्टीवर मी हटले नाही. असंच कुणीकुणी सोडलेले सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत माजले आहेत. त्यांच्या पाठीवर चिलखतासारखी कवचं असतात, कोळ्याची जाळी फाटतात, आणि खायला त्यांना कुणी घेत नाही. दोघे दुकानात परत गेले. पैसे मिळाले नाहीत, मिळतील असं वाटलंही नव्हतं.

टँकची जागा बदलता आली नाही. आजोबांनी ईशान्य कोपरा धरला होता आणि तिथे सकाळचं ऊन थेट काचेवर येतं. पन्नास लिटर पाण्याचा भरलेला टँक, स्टँड आणि रेती धरून सत्तर किलोच्या वरच. त्याला हात लावायचा नसतो, काच तडकते. मागच्या बाजूला जाड काळा कागद लावला, खिडकीला पडदा. पाणी तरी थोडं हिरवट व्हायचं ते झालंच.

खाण्यासाठी वहिनींनी फ्रिजवर कागद चिकटवला: तारीख, आणि पुढे एक रेघ. रेघ दिसली की त्या दिवशी दाणे बंद. एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढीच. मंगळवारी उपवास, हा आजोबांनी स्वतःच माशांना लावला. दर रविवारी एक बादली पाणी काढायचं, आदल्या रात्री हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) टाकून ठेवलेली एक बादली घालायची, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली नाही. वहिनींच्या हाताला ही शिस्त बसायला तीन रविवार लागले.

काळा शेवटी आला, आषाढात. तोवर आजोबा रोज विचारायचे, "काळ्याचं काय?" मोली आला त्या संध्याकाळी पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली, थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घातलं, मग जाळीने उचलून सोडला. दुकानाचं पाणी मोरीत. आजोबा खुर्ची ओढून बसले आणि बोट नाचवत मोजलं. नऊ.

त्यानंतर जुलै आणि ऑगस्टमध्ये एकही मासा मेला नाही. अमोनिया शून्य, नायट्रेट २० च्या आसपास. अकराव्या आठवड्यात एका प्लॅटीची शेपूट थोडी फाटली, आपोआप भरली. या भागाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच आहे.

गणपतीला ते सगळे आठवडाभर चिपळूणला गेले. आजोबांना किल्ली माझ्याकडे देऊन रोज दाणे घालायला सांगायचं होतं. मी किल्ली घेतली, दाणे घेतले नाहीत. धडधाकट वाढलेले मासे आठवडाभर उपाशी राहिले तर काही होत नाही. शेजाऱ्याने प्रेमाने घातलेल्या मूठभर दाण्यांनी मात्र टँक नासतो. दोनदा जाऊन फक्त हवेचं मशीन चालू आहे ना ते पाहिलं.

परत आल्याच्या रात्री बेल वाजली. या वेळी आजोबा स्वतः, चष्मा हातात. "जरा येता का? मोजणी चुकतेय."

मॉस या पाणवनस्पतीच्या पुंजक्यामागे भाताच्या शितापेक्षा जरा मोठे तीन जीव लटपटत होते. डोळे आणि शेपूट, बाकी काही नाही. आणखी वीसेक असतील, ते बापानेच खाल्ले असणार. 'नरच होईल' तो आठवा झाला नव्हता. त्याच्या, म्हणजे तिच्या, पोटाखालचा पंख आता ऐटीत पसरट दिसत होता.

मादी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि माझ्या टँकमध्ये तिने पुढे दोनदा पिल्लं दिली, एकही प्लॅटी नर तिथे नसताना. तिच्या जागी दुकानातून दुसरा मासा आणतो म्हटलं तर आजोबांनी आणू दिला नाही. तीन पिल्लांतलं एक फिकट सोनेरी निघतंय. ते नर निघालं तर आठवं तेच, असं त्यांनी ठरवलंय, आणि ते कळायला अजून दोन महिने तरी आहेत. तोवर रोज सकाळी पूजा झाली की खुर्ची ओढून बसतात आणि मोजतात: साडेसात सोनेरी, एक काळा.